गाडी उठेपर्यंत

सकाळी अक्काचा फोन आला की मी ‘हॅलो’ म्हणायच्या भानगडीत पडत नसे. सरळ विचारायचो, ‘‘काय झालं गाडीला?’’ गेल्या काही वर्षांत ती रीतच पडून गेली होती. त्या दिवशीही मी तेच विचारलं. कोर्टात निघायची गडबड होती, हातात चहाचा कप होता. पलीकडून अक्का म्हणाली, ‘‘गाडीला काही नाही रे... दाजी गेले.’’ चहा पीत बसले होते, पेपर मांडीवर होता आणि मान कलली ती कललीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हुबळीच्या दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. दोन पिढ्यांपूर्वी मिरजेकडून आलेलं घराणं, घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि भांडायची वेळ आली तर दोन्ही. मी धारवाडला वकिली करतो, सप्तापुरात आमच्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. त्या दिवशी मी हुबळीला त्यांच्या दारात पोचलो तेव्हा माणसं जमली होती. पोर्चमध्ये ती काळी गाडी नेहमीसारखी पुढचा डावा पाय मुडपून बसली होती आणि आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी तिच्या टपावर चपलांची पिशवी ठेवली होती. दाजी असते तर ती पिशवी उचलून त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली असती, पण गाडीवर राहू दिली नसती. मी ती उचलून खाली ठेवली, आणि त्यानंतर मला रडू आलं.

या गाडीविषयी सांगितल्याशिवाय दाजींविषयी सांगता येत नाही, याची मला जरा लाजच वाटते. माणूस साठी ओलांडून गेला, आयुष्यभर सचोटीनं धंदा केला, आणि त्याच्या मेव्हण्याला आठवावी काय, तर एक वापरलेली जर्मन गाडी! पण इलाज नाही. बेंगळुरूच्या कुणा मोठ्या साहेबानं वापरून सोडलेली ती लांबलचक गाडी दाजींनी आणली तेव्हा मी त्यांना पोटभर चिडवलं होतं. आयुष्यभर स्कूटरवर फिरलेला माणूस. ‘‘दाजी, म्हातारपणी ही हौस?’’ असं मी विचारलं, तर ते फक्त हसले आणि म्हणाले, ‘‘बसून तर बघ की.’’ मी बसलो. खरं सांगतो, आमच्या हायकोर्टाच्या पायऱ्यासुद्धा त्या गाडीनं गुळगुळीत करून टाकल्या असत्या. पण महिन्याभरात तिनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली.

या जातीच्या गाड्यांना खाली स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. नव्या असतात तोवर राजेशाही, जुन्या झाल्या की त्यांना बारीक चिरा पडतात. रात्रभर हवा हळूहळू निघून जाते आणि सकाळी गाडी एका अंगानं खाली बसलेली दिसते. मग इंजिन चालू करायचं आणि आतला पंप तिला पुन्हा हवा भरून उठवीपर्यंत वाट बघत राहायचं. घाई करून तशीच काढली तर चाक मडगार्डला घासतं. दाजी इंजिन चालू करून बाहेर यायचे, हाताची घडी घालून पुढच्या चाकापाशी उभे राहायचे आणि तिला कन्नडमध्ये आर्जव करायचे, ‘‘एळव्वा, एळ.’’ ऊठ बाई, ऊठ. मी एकदा विचारलं, जर्मन गाडीशी कन्नड कशाला? तर म्हणाले, ‘‘बेंगळुरात वाढलीया, तिला मराठी कुठनं कळायचं?’’

एकदा बॅटरी उतरली. दाजी आणि कमरीपेठेतले दस्तगीर मेस्त्री बॉनेट उघडून बॅटरी शोधत बसले, तर ती तिथं नव्हतीच. ती मागं डिकीत, आणि डिकी उघडणार विजेवर! बॅटरी चार्ज केल्याशिवाय डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. शेवटी अक्कानं चहा आणून दिला आणि सहज विचारलं, ‘‘किल्लीचं भोक नसेल का कुठंतरी?’’ ते होतं, मागच्या एका टोपणाखाली लपवलेलं. दस्तगीर मेस्त्री त्यानंतर कित्येक दिवस गाडीचं काम निघालं की आधी ‘‘बाईसाहेब घरात आहेत ना?’’ असं विचारत. आणखी एकदा टपावरच्या काचेच्या कडेनं पाणी जायच्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या कडुनिंबाच्या पानांनी तुंबल्या आणि पावसाचं पाणी सीटखाली साठलं. चार दिवस त्या महागड्या गाडीला ओल्या घोंगड्याचा वास येत होता. दाजी तिथंच पोर्चमध्ये बसून दुकानातली नायलॉनची दोरी नळीत घालायचे, ओढून काढायचे, पुन्हा घालायचे. कंटाळा हा शब्द त्या माणसाला ठाऊक नव्हता. मला मात्र पुरेपूर ठाऊक आहे, आणि मी तो त्यांना दर भेटीत ऐकवत असे. विका ती ब्याद!

अक्काविषयी इथं सांगायला हवं. गाडी यायच्या दोन-तीन वर्षं आधी तिच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण धक्का बसला की कळ मस्तकात जायची. हुबळीची रिक्षा आणि हुबळीचे रस्ते! दोन-तीनदा ती रडवेली होऊन परतली आणि मग तिनं बाहेर पडणंच सोडून दिलं. आधी बाजार सुटला, मग देऊळ, मग लग्नकार्यं, आणि शेवटी दर रविवारी धारवाडला आईकडं येणंही. आईचे गुडघे गेलेले, ती जिना उतरू शकत नव्हती. मधे जेमतेम वीस-एक किलोमीटरचा रस्ता, आणि मायलेकी फोनवर एकमेकींना ‘जेवलीस का’ विचारत बसायच्या. आई फोन ठेवल्यावर नुसती फणी घेऊन केस विंचरत बसायची. ते काम रविवारी अक्काचं असे.

गाडी आली त्या वर्षीची खंडेनवमी मला लख्ख आठवते. दरवर्षी दाजी दुकानातल्या हत्यारांची पूजा दुकानातच करत. गज, कात्री, वजनमापं. लोखंडाची ती मीटरपट्टी, पण पेठेत तिला आजही गजच म्हणतात. दाजींचा गज त्यांच्या वडलांच्या हातचा, पातळ, हात लागून लागून चांदीसारखा झालेला. त्या वर्षी अक्काला दुकानात बसवणार नाही म्हणून त्यांनी सगळी हत्यारं घरी आणली. पोर्चमध्ये गाडीपुढं पाट मांडला, त्यावर कात्री ठेवली, आणि गज पाटावर तिरपा उभा करून त्याचं वरचं टोक बंपरच्या खाली टेकवलं. झेंडूचा एकच लांब हार गाडीला आणि गजाला मिळून घातला. पूजा झाली, कोहळा फोडला. आमच्याकडं नवमीला पूजलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत हलवत नाहीत. ती तशीच राहिली. गाडीच्या हवेचं दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, आणि ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दसऱ्याला सकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेलो, तर गाडी आपल्या सगळ्या ऐश्वर्यासह पाटावर गुडघे टेकून बसलेली. पाट मधोमध चिरला होता आणि गज बंपरखाली दबून चांगलाच वाकला होता. शेजारचे एक काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, पूजेतलं हत्यार वाकणं काही बरं नव्हे. दाजी खाली वाकून बघत राहिले... आणि मग म्हणाले, ‘‘अहो, नमस्कार करतीया ती. थोरला आहे गज तिच्यापेक्षा!’’ आणि दारात भिंतीला धरून उभी असलेली अक्का हसायला लागली. हसताना पाठीत कळ येत होती, ती ‘आई गं’ म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. ऑपरेशननंतर मी तिला इतकं हसताना पहिल्यांदा पाहत होतो. दाजी गाडीकडं बघायचे सोडून तिच्याकडंच बघत होते.

गज ठोकून सरळ करून देतो, असं दस्तगीर मेस्त्री म्हणाले. दाजींनी मान हलवली. एकदा वाकलेल्या गजाच्या मापाची खात्री कोण देणार? कापड मोजून झालं की बोटभर जास्त सोडून मगच कात्री लावायची ही त्यांच्या दुकानाची पद्धत होती. नोकरानं काटेकोर मापावर कात्री ठेवली तर ते गादीवरूनच ओरडायचे, ‘‘बोटभर वर घे की रे, शिवताना आटतंय!’’ अशा माणसाला वाकडा गज दुकानात कसा चालणार? नवा गज दुकानात गेला, जुना गाडीच्या डिकीत. त्यावर त्यांनी शिंप्याच्या खडूनं एक रेघ मारली. सकाळी गज जमिनीवर टेकवून पुढच्या चाकापाशी उभा धरायचा, आणि मडगार्डची कड त्या रेघेला आली की गाडी उठली म्हणायची. ‘‘कापडाला नाही चालत, हिला चालतंय,’’ ते म्हणायचे, ‘‘ही काय शर्ट शिवणार आहे?’’

तरीही त्यांच्या चिकाटीचं कारण मला कळलं नव्हतं. ते कळलं दस्तगीर मेस्त्रींच्या गॅरेजात. गाडी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तिथं उभी होती. मेस्त्री साबणाचं पाणी लावून हवा कुठून फुटते ते दाखवत होते. बुडबुडे येत होते. मेस्त्री म्हणाले, ‘‘दाजी, माझं ऐका. ह्या पिशव्या काढून टाकू, साध्या लोखंडी स्प्रिंगा घालू. पुष्कळ लोक तेच करतात. जन्मात परत बसायची नाही गाडी.’’ मला तर हे ऐकून हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मी म्हणालो, झालं! हेच करा आणि सगळ्यांना सोडवा. दाजींनी विचारलं, ‘‘धक्का?’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘थोडा लागणार की. साध्या गाडीसारखा.’’ दाजी म्हणाले, ‘‘मग नको.’’ एवढंच. मी वकिली बाण्यानं चार मुद्दे मांडले, तेव्हा माझ्याकडं वळून ते शांतपणे म्हणाले, ‘‘अरे, धक्का बसू नये म्हणून तर आणलीया ही. तुझ्या अक्काला आईकडं न्यायचंय मला. ही सकाळी उठायला वेळ घेते तर घेऊ दे... आपल्याला कुठं कोर्टात जायचंय?’’

त्यानंतर मी ‘विका’ हा शब्द काढला नाही. बेंगळुरूहून नवी पिशवी आली, त्यानंतर दुसरी कुठंतरी चिरली, पण रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी तो भारदस्त हॉर्न वाजू लागला. पहिल्या दिवशी अक्का जिना चढून वर आली, आईच्या मागं बसली आणि तिच्या हातातली फणी घेतली. दाजी आणि मी बाहेर व्हरांड्यात बसलो. ते उगाचच गाडीच्या किल्लीशी खेळत होते. त्यांचे डोळे भरले होते, मी दुसरीकडं बघितलं.

पुढं अक्काच्या बाजूची सीट बिघडली. तिची पाठ पुढंमागं करणारी मोटार जळाली आणि सीट अर्धवट आडवी होऊन अडकली, न्हाव्याकडं दाढीला बसल्यासारखी. सुटा भाग कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मागच्या सीटवर अक्काला जमत नसे. एक दिवस पोर्चमध्ये ती सहज ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिथं कमरेखाली फुगणारी उशी होती आणि ती शाबूत होती. अक्का म्हणाली, ‘‘अहो, इथं काहीच दुखत नाही की!’’ दाजी म्हणाले, ‘‘मग तिथंच बस की.’’ आणि हा माणूस थट्टा करत नव्हता. साठीला टेकलेल्या, लहान मुलांच्या शाळेत पाढे शिकवण्यात जन्म गेलेल्या माझ्या बहिणीला त्यांनी गाडी शिकवली. विद्यापीठाच्या आवारातल्या रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवर ती चालवायची आणि दाजी शेजारच्या त्या आडव्या सीटवर पडून टपाच्या काचेतून आभाळ बघायचे. ‘‘ब्रेक कुठं मारायचा ते सांगा की!’’ अक्का ओरडायची. ‘‘मला नुसती झाडं दिसायला लागलीत,’’ ते पडल्या पडल्या म्हणायचे, ‘‘रस्ता तुझ्याकडं.’’ गिअर आपोआप पडत, त्यामुळं पाय दुखायचा प्रश्न नव्हता. अक्कानं लायसन्स काढलं. त्यानंतर धारवाडला येताना तीच चालवायची, पण दाजी शेजारी असत. ते नसताना तिनं गाडी कधी फाटकाबाहेर काढली नाही.

दाजींचा लौकिक इतका वाढला की जुनी मोठी गाडी घ्यायचं मनात असलेले लोक दुकानात सल्ल्याला येऊ लागले. दाजी त्यांना आधी बसवत, चहा पाजत आणि मग सांगत, ‘‘कापड घेताना उलटी बाजू बघता की नाही? तसं करायचं. धुऊनपुसून उभी केलेली गाडी बघू नका. आदल्या रात्री कुठं उभी होती ते विचारून सकाळी सकाळी जावा, बसलीय का बघा. पायाखालचं जाजम उचलून ओल बघा. सगळी बटणं दाबा. गिअरचं तेल जन्मभर बदलायला लागत नाही म्हणून कोण सांगितलं तर त्याला नमस्कार करून घरी या.’’ आणि उठताना प्रत्येकाला हमखास विचारत, ‘‘कुणासाठी घेताय?’’ या प्रश्नाचं ज्याला पटकन उत्तर देता येत नसे, त्याला ते नवी छोटी गाडी घ्यायला सांगत.

दाजी गेल्यावर गाडी तशीच उभी राहिली. बेंगळुरूला असलेला भाचा तेराव्यानंतर परत जाताना म्हणाला, आई, ही आता तुला झेपायची नाही, विकून टाकू. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. नातेवाइकांचंही तेच म्हणणं, आणि मीही मान हलवली. अक्का पुन्हा घरात बसली होती आणि आता कारण पाठीचं नव्हतं. आईला फोनवर ‘जेवलीस का’ विचारणं पुन्हा सुरू झालं. मला भीती होती ती त्याचीच... गाडी गेली काय, राहिली काय, पण अक्का त्या घरात मिटून गेली तर तिला बाहेर कोण काढणार?

भाच्यानं ठरवून दिलेलं एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. चांगला माणूस, पैसेही बरे द्यायला तयार. अक्का किल्ली घेऊन बाहेर आली. मला वाटलं, ती किल्ली देऊन आत जाईल. तिनं त्याला गाडीभोवती फिरवलं. पुढची डावी पिशवी गळते म्हणाली. ही सीट उठत नाही. पानगळ झाली की टपाच्या नळ्या साफ करायच्या, नाहीतर पाणी येतं. जाजम उचलून तिनं जुन्या ओलीचा डाग दाखवला. बॅटरी डिकीत आहे, किल्लीचं भोक कुठं आहे, तेही दाखवलं. बिचारं गिऱ्हाईक ‘असं का, असं का’ म्हणत ऐकत होतं. शेवटी अक्कानं त्याला विचारलं, ‘‘कुणासाठी घेताय?’’ तो म्हणाला, ‘‘असंच, मॅडम... आवड म्हणून.’’ अक्का म्हणाली, ‘‘मग नवी छोटी बघा की.’’ तो गेल्यावर ती किल्ली मुठीत धरून पायरीवर बसून राहिली. तिनं हे ठरवून केलं का, मी विचारलं नाही. माझं काम कोर्टात प्रश्न विचारायचं, बहिणीच्या पोर्चमध्ये नव्हे.

परवाच्या रविवारी मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो आणि फाटकाशी हॉर्न वाजला. तो हॉर्न. फाटक उघडलं तर ड्रायव्हरच्या सीटवर अक्का, कपाळाला घाम, दोन्ही हात चाकावर घट्ट. शेजारची सीट आडवी आणि रिकामी. ‘‘एकटी आलीस?’’ मी विचारलं. ‘‘मग काय मिरवणूक काढू?’’ ती म्हणाली. महिना-दीड महिना झाल्याशिवाय बाहेर पडू नये असं म्हणणारे लोक तिच्या गल्लीतही आहेत आणि माझ्याही. मला तेव्हा त्यांच्यापैकी एकही आठवला नाही. आई जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन उभी होती. ‘‘आलीस बाळ?’’ एवढंच ती म्हणाली. मग दोघी आत गेल्या. दार लोटलेलं होतं. बराच वेळ आतून रडण्याचा आवाज येत होता, मग थांबला, आणि मग फणीवरून काहीतरी वाद सुरू झालेला ऐकू आला.

संध्याकाळी निघायच्या वेळी गाडी अंगणात बसली होती, दिवसभरात डावा पाय मुडपून. अक्कानं इंजिन चालू केलं आणि ती बाहेर आली. डिकीतून तिनं तो वाकलेला गज काढला, पदर खोचला आणि चाकापाशी तो उभा धरला. मी म्हणालो, ‘‘दे, मी धरतो, तू वाकू नकोस.’’ तिनं मला हातानंच बाजूला केलं. खडूची रेघ पुसट झाली होती, पण होती. ‘‘एळव्वा, एळ,’’ अक्का हळूच म्हणाली. आई वर कठड्याला धरून बघत होती. गाडी हळूहळू, आपल्या नेहमीच्या संथपणानं वर येऊ लागली आणि आम्ही तिघं वाट बघत राहिलो. रेघेला कड आली. अक्कानं लगेच गज काढला नाही. जरा वेळ तशीच थांबली, मग सरळ होऊन माझ्याकडं बघितलं.

‘‘बोटभर वरच आलीया,’’ ती म्हणाली आणि गज डिकीत ठेवून गाडीत जाऊन बसली.